"एफ१बीबी म्हणजे १०० टक्के अ‍ॅलर्जी-फ्री" : गोल्डनडूडलच्या त्या फॉरवर्डला उत्तर

माझ्या धाकट्या नणंदेने एक लांबलचक मेसेज मला फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, "वहिनी, आमचं ठरलं, एफ१बीबी घेतोय. पेनसिल्व्हेनियात एका ब्रीडरकडे लिटर आहे, शनिवारी डिपॉझिट भरणार." एफ१बीबी हा गोल्डनडूडल कुत्र्याचा, म्हणजे गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडलच्या संकराचा, एक प्रकार; पूडलच्या अशा संकरांना डूडल म्हणतात, आणि लिटर म्हणजे एका वेळी झालेली पिल्लं. तिच्या मुलाला दमा आहे. इनहेलर शाळेच्या बॅगेत असतो, आणि लहान असताना शेजाऱ्यांच्या कुत्र्याशी खेळून आला तेव्हा त्याचे डोळे सुजून बंद झाले होते. हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी ठरलं, का तर मेसेजमध्ये लिहिलंय.

हा मेसेज इथे अमेरिकेत मराठी ग्रुपांवर बराच फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. "गोल्डनडूडल घेताय? कोणता प्रकार घ्यावा, संपूर्ण मार्गदर्शन" असं शीर्षक, प्रत्येक ओळीपुढे हिरवी टिक, शेवटी "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा". कुणी लिहिलाय पत्ता नाही. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: एफ१ सगळ्यात निरोगी, एफ१बी अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी, एफ१बीबी १०० टक्के अ‍ॅलर्जी-फ्री, एफ२ ही एफ१ची सुधारित आवृत्ती, डूडलचे केस गळत नाहीत म्हणून मेंटेनन्स नाही, इंग्लिश क्रीमला कॅन्सर होत नाही, मिनी हवा तर मिनी मिळतो, मर्ल रंग दुर्मिळ म्हणून महाग, पेपर एकेसीचे (अमेरिकन केनेल क्लबचे) बघून घ्या आणि डिपॉझिट आजच भरा.

मी न्यू जर्सीत एका डॉग ग्रूमिंग सलूनमध्ये काम करते आणि माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येतात ती डूडलच. मला ती फार आवडतात, गोड असतात, माणसावर जीव टाकतात. म्हणूनच हा मेसेज वाचून डोकं फिरलं. मुद्द्यांचा क्रम माझा आहे. अ‍ॅलर्जी आधी घेते, कारण बाकी मुद्द्यांत पैसे जातील, ह्यात पोरगं हॉस्पिटलात जाईल.

"पूडल जितका जास्त तितकी अ‍ॅलर्जी कमी. एफ१बीबी १०० टक्के अ‍ॅलर्जी-फ्री, दम्याच्या मुलांसाठी डॉक्टरही हाच सुचवतात."

ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी : गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल ह्यांचं पिल्लू म्हणजे एफ१. त्या एफ१चा परत पूडलशी संकर केला की एफ१बी, त्याचा परत पूडलशी केला की एफ१बीबी. पूडलचं प्रमाण अनुक्रमे ५०, सरासरी ७५ आणि सरासरी ८७.५ टक्के. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे, फक्त "सरासरी" हा शब्द त्याने गिळलाय. एफ१बीच्या एकाच लिटरमधली दोन भावंडं वेगवेगळी असतात, कुणात गोल्डन जास्त उतरतो कुणात कमी, आणि तुमच्या हातात जे पिल्लू येणार ते ७५ टक्क्यांचंच असेल असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण खरा घोटाळा पुढे आहे. अ‍ॅलर्जी केसांची नसते हो! ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनांची असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, कातडीचा बारीक कोंडा सुटतो, तो कपड्यांवर, सोफ्यावर, कार्पेटवर, हवेत जातो. पूडलला लाळ नसते का? कातडी नसते का? केस कमी गळले म्हणून प्रथिन बनायचं थांबत नाही.

आणि हे नुसतं माझं मत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न तपासला, २०१२ साली अ‍ॅलर्जीच्या क्षेत्रातल्या एका मोठ्या जर्नलमध्ये तो अभ्यास छापून आला. ३५६ कुत्र्यांच्या केसांचे आणि अंगावरच्या कोंड्याचे नमुने घेतले. त्यातली १९६ कुत्री "हायपोअ‍ॅलर्जेनिक" (अ‍ॅलर्जी कमी करणारी) म्हणून विकल्या जाणाऱ्या गटातली, म्हणजे पूडल, लॅब्राडूडल (लॅब्राडोर-पूडल संकर) वगैरे, आणि १६० बाकीची, ज्यात साधे लॅब्राडोरही होते. कुत्र्याचं जे मुख्य अ‍ॅलर्जन आहे ते मोजलं. निकाल काय आला? "सेफ" म्हणून विकल्या जाणाऱ्या गटाच्या केसांत ते प्रथिन कमी नाही, जास्त निघालं. सरासरी एका ग्रॅमला २.२६ मायक्रोग्रॅम, आणि बाकीच्या कुत्र्यांत ०.७७. परत वाचा, जास्त निघालं. घरातल्या हवेचे नमुने घेतले तर जातीजातींत फरकच सापडला नाही. शिवाय त्यांनी लिहिलंय की जातींमधला फरक लहान आणि एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांमधला फरक मोठा. माझ्या मते ह्या एका वाक्यावर तो अख्खा मेसेज कोसळतो, कारण प्रकार निवडून अ‍ॅलर्जी टळत असती तर "सेफ" जातींच्या केसांत ते प्रथिन कमी दिसायला हवं होतं, आणि तसं दिसलेलं नाही. अभ्यासाच्या नावातच लिहिलंय की कुठल्याही जातीला हायपोअ‍ॅलर्जेनिक म्हणावं असा पुरावा नाही.

आता कुणीतरी म्हणणार की त्यात गोल्डनडूडल कुठे होता, लॅब्राडूडल होता. बरोबर. पण मेसेजचा सगळा डोलारा "पूडल" वर उभा आहे, आणि पूडल तर त्या तपासणीत होताच ना. एक गोष्ट मान्य करते, लॅब्राडूडल असलेल्या घरांच्या जमिनीवरच्या धुळीत ते प्रथिन कमी सापडलं होतं. केस गळून घरभर पसरत नाहीत म्हणून असेल. काही लोकांना डूडलचा त्रास कमी होतो हेही खरं आहे, मी अशी घरं बघितली आहेत. पण "काहींना कमी त्रास" आणि "१०० टक्के अ‍ॅलर्जी-फ्री, दमेकरी मुलाला चालेल" ह्या दोन वाक्यांमध्ये एक आजारी मूल उभं आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने त्याचा विचार केलेला नाही.

"डॉक्टरही सुचवतात" म्हणे. मग डॉक्टरकडेच जा ना. अ‍ॅलर्जिस्टकडे आता कुत्र्याच्या एकेका प्रथिनाची वेगळी रक्ततपासणी होते. त्यातलं एक प्रथिन फक्त नर कुत्र्याच्या प्रोस्टेटमध्ये बनतं. एखाद्याला तेवढ्या एकाचीच अ‍ॅलर्जी असेल तर त्याला मादी चालू शकते, मग ती डूडल असो की लॅब्राडोर. बघा, इथे प्रकाराच्या नावापेक्षा नर की मादी हा प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो, आणि त्याचा मेसेजमध्ये उल्लेखसुद्धा नाही. तपासणी झाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले तरच, मुलाला त्या ठराविक पिल्लाजवळ, त्याच्या आईजवळ, शक्य असेल तर मोठ्या झालेल्या भावंडांजवळ बसू द्या, एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी, आणि घरी आल्यावर रात्री काय होतं तेही बघा. त्या पहिल्या अर्ध्या तासाच्या लाडात काही कळत नाही.

काही जण म्हणतात आम्ही आठवड्याला आंघोळ घालू. आंघोळीने प्रथिन कमी होतं हे खरं, पण दोन-तीन दिवसांत परत येतं, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी घालावी लागेल, आणि दर वेळी नीट विंचरून, पूर्ण वाळवून. ते का, ते पुढे सांगते.

"ही जात मुळात अंध व्यक्तींसाठी, अ‍ॅलर्जी-फ्री म्हणूनच शास्त्रज्ञांनी बनवली."

ही गोष्ट गोल्डनडूडलची नाही, लॅब्राडूडलची आहे, आणि पूर्ण सांगितली तर मेसेजच्या विरुद्धच जाते. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ रॉयल गाइड डॉग्ज संस्थेत ब्रीडिंगचं काम बघायचे. हवाईमधल्या एका अंध बाईंना गाइड डॉग हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी. कॉनरननी आधी पूडलच ट्रेन करून बघितले, एक नाही दोन नाही, तीसच्या वर, जमलं नाही. मग १९८९च्या सुमाराला लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, आणि तिघांपैकी एकच त्या नवऱ्याला चाललं. एकच! आई तीच, बाप तोच, लिटर तेच. ज्या गोष्टीवर हे सगळं मार्केट उभं राहिलं तीच सांगते की पिल्लू-पिल्लू तपासावं लागतं, प्रकारावर जाता येत नाही. आणि त्याच कॉनरननी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन रेडिओला सांगितलं की आपण हे सुरू केलं ह्याचा त्यांना पश्चात्ताप होतो, कारण त्यानंतर कुणीही उठून कशाचाही पूडलशी संकर करून विकायला लागलं.

"एफ२ ही एफ१ची सुधारित आवृत्ती."

आकडा मोठा म्हणजे माल नवा, हे मोबाईलच्या मॉडेलला लागू पडत असेल, कुत्र्याला नाही. एफ२ म्हणजे एफ१ आणि एफ१ ह्यांची पिल्लं, बास. आणि शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकलोय ना आपण, दुसऱ्या पिढीत लपलेले गुण परत वर येतात, तेच इथे होतं. डूडलचा तो टेडी बेअर चेहरा, दाढी, मिश्या, जाड भुवया, ह्याला फर्निशिंग्ज म्हणतात आणि ते बहुतांशी एका जीनवर ठरतं. पूडलमध्ये त्याच्या दोन्ही प्रती असतात, गोल्डनमध्ये एकही नाही. एफ१ला एक प्रत मिळते, तेवढीही पुरते, म्हणून एफ१ सगळे दाढीवाले. पण दोन एफ१ एकत्र आणले की साधारण चारातल्या एका पिल्लाला एकही प्रत मिळत नाही. ते पिल्लू मोठं होऊन तोंडावर बारीक केस, अंगावर सपाट कोट (म्हणजे केसांचं आवरण), गोल्डनसारखं दिसतं आणि केसही चांगलेच गाळतं. ब्रीडर लोक त्याला फ्लॅट कोट म्हणतात. कुत्रा म्हणून उत्तम, पण "केस गळणार नाहीत" म्हणून हजारो डॉलर मोजलेल्या माणसाला तो धक्का असतो, आणि मग त्या बिचाऱ्या जिवाला नवं घर शोधायची पाळी येते.

केस गळण्यासाठी अजून एक वेगळा जीन आहे. गोल्डनकडून एफ१ला त्याची गळणारी एक प्रत येते, आणि एफ१बीच्या लिटरमध्ये साधारण निम्म्या पिल्लांत ती असतेच. म्हणजे एफ१बी आहे म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. हे दोन्ही जीन थोड्या पैशात तपासता येतात, गालातून कापसाने नमुना घेतात. ब्रीडरला सरळ विचारा, ह्या पिल्लाचा कोटचा रिपोर्ट दाखव. दाखवला तर एफच्या पुढे कुठला आकडा आहे त्याची फारशी गरज राहत नाही.

"केस गळत नाहीत म्हणून मेंटेनन्स शून्य. एफ१बीबी सगळ्यात सोपा."

हा मुद्दा रोज माझ्या टेबलावर येऊन बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रत्येक कुत्र्याचा केस मरतो आणि सुटतो. गोल्डनचा जमिनीवर पडतो, तुम्ही व्हॅक्यूम करता. डूडलचा सुटलेला केस शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून राहतो, आणि काढला नाही तर त्याची जट बनते. कोट जितका कुरळा तितकी जट लवकर. त्यामुळे एफ१बीबी हा विंचरायला सगळ्यात सोपा नाही, सगळ्यात कठीण प्रकारांत मोडतो. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पिल्लाचा मऊ कोट जाऊन मोठा कोट येतो तेव्हा तर काल विंचरलं आणि आज गुंता, अशी परिस्थिती असते. नेमकं तोपर्यंत मालकाला वाटत असतं की किती सोपा कुत्रा आहे आमचा.

माणसं सांगतात, "आम्ही रोज ब्रश करतो हो." खोटं नाही बोलत ती, करतात. पण वरवर. ब्रश वरच्या दोन बोटं केसांवरून फिरतो, वर दिसायला कापसासारखं मऊ, आणि मी स्टीलचा कंगवा घालते तर तो मध्येच अडकतो, कातडीपर्यंत जातच नाही. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी एकसंध थर झालेला असतो, गालिच्यासारखा, सोलून काढावा असा. अशा वेळी टेडी बेअर कट शक्यच नसतो. सात किंवा दहा नंबरचं ब्लेड लावून कातडीलगत सगळं उतरवावं लागतं. खाली लाल, ओली, वास मारणारी कातडी निघते, कधी जखम. कानावरची घट्ट जट काढली की कुत्रा इतक्या जोरात कान झटकतो की कानात रक्त साकळून फुगा येऊ शकतो, मग व्हेटकडे पळा. कुत्रा भेदरलेला, मालकीण रडतेय. मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण त्या बाईने निष्काळजीपणा केलेला नसतो, तिला विकताना कुणीतरी "मेंटेनन्स शून्य" सांगितलेलं असतं.

आणि आंघोळीचं म्हटलं ना वर, ते हे : जट असलेल्या कोटवर पाणी पडलं की ती अजून आवळते. आधी विंचरायचं, मग आंघोळ, मग ड्रायरने वाळवत परत विंचरायचं. पद्धत म्हणजे केस हाताने वर धरायचे, खालून एक ओळ कातडी दिसेपर्यंत मोकळी करायची, स्लिकर (बारीक तारांचा) ब्रश, मग कंगवा, मग वरची ओळ. पाय झाला की दुसरा पाय, मग पोट. मोठ्या डूडलला ह्यात तास जातो. वर दर सहा-आठ आठवड्यांनी ग्रूमर, आणि न्यू जर्सीत मोठ्या डूडलचं एकदाचं बिल शंभर डॉलरच्या पुढे सहज जातं, ते त्याच्या आयुष्यभर. दोघं नोकरी करताय, मुलांचे क्लासेस आहेत, तर हा हिशोब पिल्लू घ्यायच्या आधी मांडा. एवढा वेळ नसेल तर कोट कायम छोटा कापून ठेवायची तयारी ठेवा, फोटोत तितका गोंडस दिसणार नाही पण कुत्रा सुखी राहील.

"एफ१ संकरित असल्याने आजार होत नाहीत. हेल्थ टेस्टची गरज नाही."

ह्यात अर्धं सत्य आहे, ते देऊन टाकते. काही आजार असे की आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून खराब जीन आला तरच होतात. त्यातला जो आजार फक्त गोल्डनमध्ये आहे, पूडलमध्ये नाही, तो एफ१मध्ये सहसा होणार नाही. ठीक. पण हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, ते गोल्डनमध्येही आहे आणि स्टँडर्ड पूडलमध्येही. डोळ्यांच्या पडद्याचा एक आजार, ज्यात कुत्रा हळूहळू आंधळा होतो, त्याचा तोच जीन दोन्ही जातींत सापडतो. दोन्हीकडे जे आहे ते एकत्र करून कसं जाईल? आणि मेसेज स्वतःच पुढच्या ओळीत एफ१बी, एफ१बीबी घ्या म्हणतो. म्हणजे एफ१ परत परत पूडलशी जोडायचा, तसे पूडलचे स्वतःचे आजार परत जोडीने यायला मोकळे. एका मेसेजमध्ये दोन सल्ले, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये कॉकापू, कॅव्हापू आणि लॅब्राडूडल ह्या पूडल-संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना करून ५७ आजार तपासले. ८६.६ टक्के तुलनांमध्ये काही फरक नाही. संकरित म्हणून जास्त आजारी नाहीत आणि जास्त निरोगीही नाहीत.

म्हणून टेस्ट हव्यातच, पिल्लाच्या नाही, आईबापाच्या. खुबे, कोपर, हृदय, डोळे. ओएफए, म्हणजे ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स, त्यांच्या साइटवर कुत्र्याचं रजिस्टर्ड नाव किंवा नंबर टाकला की रिपोर्ट फुकट दिसतात. मी नणंदेला त्या ब्रीडरकडून आईचं रजिस्टर्ड नाव मागायला लावलं. उत्तर आलं, "आमचे सगळे कुत्रे व्हेट-चेक्ड आहेत." व्हेट-चेक्ड म्हणजे व्हेटने बघितलं आणि कुत्रा त्या दिवशी धडधाकट होता, एवढंच. त्याने खुब्याचा एक्स-रे होत नाही. अजून एक खूण सांगते : ओएफएचं खुब्याचं पक्कं सर्टिफिकेट २४ महिन्यांच्या आधी मिळत नाही. आईचं वय विचारा. दीड वर्षाच्या मादीला पिल्लं झाली असतील तर ते सर्टिफिकेट नाही हे तुम्हाला न विचारता कळलं. डीएनए टेस्ट केली म्हणाले तर चांगलंच आहे, पण खुब्याचं त्यातून कळत नाही, तो एक्स-रेच लागतो.

इंग्लिश क्रीम. हा वेगळा कुत्रा नाही, फिकट रंगाचा गोल्डनच, ब्रिटिश-युरोपियन धाटणीचा. "कॅन्सर होत नाही" हे साफ चूक आहे. मेसेजच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की १९९८-९९च्या अमेरिकन पाहणीत गोल्डनच्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांच्या आसपास कॅन्सरने झालेले निघाले आणि ब्रिटनच्या २००४च्या पाहणीत ४०च्या जरा खाली. दोन देश, दोन वेगळ्या पाहण्या, आणि कमी असलेला आकडासुद्धा भयंकरच आहे. रंगासाठी जादा पैसे देऊ नका.

मर्ल, म्हणजे अंगावर राखाडी-निळसर ठिपके. हा रंग गोल्डनमध्ये नाही आणि पूडलमध्येही मुळात नाही. म्हणजे कुठेतरी तिसऱ्या जातीचं रक्त आलंय आणि ब्रीडर ते सांगत नाहीये. दोन मर्ल एकमेकांशी जोडले तर पिल्लं आंधळी-बहिरी निघू शकतात. दुर्मिळ म्हणून ह्याचे जादा पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

मिनी, पेटीट, टीकप. साठ पौंडांची गोल्डन आणि बारा-पंधरा पौंडांचा मिनिएचर पूडल, मधली पिल्लं कुठल्या मापाची होतील ते लिटरमध्ये पिल्लागणिक बदलतं. "२० पौंडांची गॅरंटी" असं कुणी लिहून देत असेल तर ती आशा आहे, गॅरंटी नाही. अपार्टमेंटला वजनाची अट असेल तर आईबापाचं खरं वजन आणि आधीच्या लिटरमधली पिल्लं आज किती वजनाची आहेत ते विचारा. स्वभावाचंही तेच. एफ१ शांत, एफ१बी हुशार असलं काही नसतं. ह्या दोन्ही मूळ जाती शिकारीत पाण्यातून पक्षी उचलून आणणाऱ्या, त्यांना रोज पळायला लागतं. आईला जाऊन भेटा, तिच्या वागण्यावरून जास्त कळेल.

"एकेसी पेपर बघून घ्या." गोल्डनडूडल ही एकेसीने मान्य केलेली जातच नाही, त्यामुळे शुद्ध जातीसारखे पेपर मिळणार कुठून? मिश्र कुत्र्यांची नोंद ते एका वेगळ्या कार्यक्रमात करून घेतात, स्पर्धांत भाग घेता यावा म्हणून, त्यावरून ब्रीडरचं काहीच सिद्ध होत नाही. आई गोल्डन आणि बाप पूडल असेल तर त्या दोघांचे पेपर असू शकतात, ते मागा, कारण ओएफएवर शोधायला तीच नावं लागतील. आणि "सीकेसी रजिस्टर्ड" लिहिलेलं असेल तर कुठली सीकेसी ते विचारा. कॅनेडियन केनेल क्लब वेगळा, कॉन्टिनेंटल केनेल क्लब वेगळा, आणि डूडलच्या जाहिरातीत बहुतेक वेळा दुसराच असतो.

राहिलं "डिपॉझिट आजच भरा, लिटर संपतं". संपू दे. दुसरं लिटर येतं. डिपॉझिट बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, आणि अ‍ॅलर्जिस्टची अपॉइंटमेंट, रिपोर्ट, मुलाला पिल्लाजवळ दोन-तीनदा नेऊन बघणं, ह्याला महिना-दोन महिने सहज जातात. ब्रीडरला फोन करून सांगा की घरात दमा असलेला मुलगा आहे, आम्हाला आधी येऊन बसायचंय, आईबापाचे ओएफए नंबर द्या, आणि नाही जमलं तर कुठल्याही वयात कुत्रा परत घेणार असं करारात लिहून द्या. जो ह्याला हो म्हणेल त्याच्याकडे वेटिंग लिस्टवर नाव टाका. जो म्हणेल की एफ१बीबी आहे, काळजीच नको, त्याला डिपॉझिट देऊ नका. नणंदेने शनिवारचं रद्द केलंय, अ‍ॅलर्जिस्टची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे.